मासुझोने बुजवलेला चर

कुरोगी मासुझोच्या घरामागचं वेळूचं बन त्याच्या बापाने लावलेलं. बाप टोपल्या विणायचा, पुढे मासुझोही तेच करायला लागला, आणि विणणाऱ्याला हाताशी माल हवा म्हणून लावलेलं ते बन. लांबीला चाळीस पावलं, रुंदीला पंधरा. पन्नास वर्षांत ते एका पावलानेही वाढलं नाही. आमच्या कामिसाको वस्तीत या गोष्टीचं सगळ्यांना कौतुक होतं, कारण आमच्याकडचा वेळू एका जागी बेट धरून बसत नाही. तो जमिनीखालून चालतो. हातभर खोलीवर त्याच्या गाठीगाठीच्या मुळ्या दोरासारख्या सरळ पुढे जातात आणि मनाला येईल तिथे कोंब वर काढतात. दोन वर्षं काणाडोळा केला तर शेजाऱ्याच्या परसात उगवतो, चार वर्षं केला तर जमीन फोडून घरात येतो.

मासुझोने त्याला चराने बांधून ठेवलं होतं. बनाच्या चारी अंगांनी गुडघाभर खोल, फावड्याच्या पात्याएवढा रुंद चर. जूनमध्ये कोंबांचा हंगाम संपला की एकदा आणि नोव्हेंबरात तोड सुरू व्हायच्या आधी एकदा, तो चरात उतरायचा, पडलेली माती आणि पाला उपसायचा आणि कडेतून डोकावणारी प्रत्येक मुळी कोयत्याने छाटायचा. दोन्ही खेपांना चार-चार दिवस लागायचे. मी एकदा त्याला म्हटलं होतं की पत्रा पुरून टाक, कटकट संपेल. तो म्हणाला, पत्रा पुरला की माणूस निर्धास्त होतो, आणि वेळू तेवढ्याचीच वाट बघत असतो. बनाची कोणी फारच तारीफ केली तर तो गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "आवडलं? मग एक मुळी घेऊन जा. पुढच्या वर्षी तुमच्या अंथरुणात कोंब येतील."

मी हिदाका. लाकडाच्या ओंडक्यांवर अळंबी पिकवतो. माझं घर वरच्या वळणावर, आणि खाली जाणारी पायवाट कुरोगींचं घर आणि इताईंचं घर यांच्या मधून जाते. त्यामुळे दिवसातून चार वेळा तरी मी मासुझोच्या बनावरून जायचो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मला काही दिसलं नव्हतं असं कोणाला वाटायला नको.

इताईंच्या घरात नात्सुए-सान एकट्या राहायच्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, कमरेत वाकलेल्या, पण जीभ अजून सरळ. मासुझोची बायको तोमिए त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. पन्नास वर्षांचा शेजार; दोघींपैकी एकीने काही उकडलं की दुसरीकडे वाडगा जायचाच. कुरोगींना मूलबाळ नव्हतं. नात्सुए-सानची मुलगी फुकुओकाला, वर्षातून दोनदा यायची.

मासुझोचं विसरणं आधी टोपल्यांत दिसलं. वेळूचा कोंब बाहेर पडला की त्या वर्षाची खूण तो शाईने त्याच्यावर करायचा, आणि चौथं वर्ष लागल्याशिवाय तोडायचा नाही. कोवळ्या वेळूची टोपली वर्षभरात किडते. एका हिवाळ्यात त्याने सगळा पहिल्या वर्षाचा माल तोडला. तोमिएने विचारलं तर खूण बघून म्हणाला, ही माझी नव्हे, दुसऱ्याच कोणाची आहे. वसंतात टोपल्यांखाली पिवळं पीठ पडायला लागलं. त्यानंतर तो विणायला बसला नाही. बसला तरी अर्धा तळ विणून उठायचा, आणि परत आला की कामट्यांकडे परक्यासारखा बघायचा.

त्यापुढचं आमच्या भागात घरोघरी माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. तो रात्रंदिवस हिंडू लागला, बूट उलटे घालू लागला, चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या आईला जेवायला हाका मारू लागला. तोमिए त्याच्या मागे मागे असायची. तिचे गाल आत गेले. आम्ही भेटलो की पावसापाण्याचं बोलायचो.

मग एका ऑक्टोबरात त्याने चर बुजवायला घेतला.

मी सकाळी खाली जात होतो तेव्हा तो फावड्याने कडेची माती आत लोटत होता. मला वाटलं, उपसतोय. परत येताना नीट पाहिलं. तो घामाघूम झाला होता आणि चेहऱ्यावर पूर्वीचीच काम करणाऱ्या माणसाची शांती होती. म्हणाला, "कोणी हा खड्डा उघडा टाकलाय कोण जाणे. कोणी पडलं म्हणजे?" मी म्हटलं, "खरंय." आणि वर निघून आलो.

तोमिए मागच्या ओट्यावर बसून मुळे सोलत होती. तिने मला पाहिलं, मी तिला पाहिलं. दोघांनी मान लववली.

तीन आठवडे तो ते काम करत होता. सकाळी न्याहारी झाली की फावडं घेऊन जायचा, दुपारी हाताला फोड घेऊन यायचा, पोटभर जेवायचा आणि गाढ झोपायचा. पूर्वी चर उपसताना जसा नेटका राहायचा तसाच बुजवतानाही नेटका. पायाने दाबून, वर पाला पसरून. शेवटी जमीन अशी सपाट झाली की तिथे कधी काही होतं हे परक्याला कळलं नसतं.

तोमिएने नंतर मला सांगितलं ते असं. पहिल्या दिवशी तिने फावडं काढून घेतलं होतं. तो रडायला लागला. दुसऱ्या दिवशी तिने दिलं, आणि त्या दिवशी तिला तीन वर्षांत पहिल्यांदा सलग चार तास बसता आलं. तिने चहा केला, तो गरम असतानाच प्यायला. ती म्हणाली की वसंतात आपण पुन्हा खणू असं तिने मनाशी ठरवलं होतं. वसंतात मासुझो न्हाणीत पडला, मग उन्हाळ्यात त्याला ताप आला, आणि ते राहून गेलं.

मलाही खणता आलं असतं. माझ्या घरी तीन फावडी आहेत.

पुढच्या जूनमध्ये पायवाटेच्या कडेला दोन कोंब आले. मी जाता जाता ते बुटाने मोडले. त्याच्या पुढच्या वर्षी ते पायवाट ओलांडून नात्सुए-सानच्या वांग्यांच्या वाफ्यात उगवले. त्यांनी ते काढले, भाताच्या कोंड्यात उकडून कडूपणा घालवला, वाडग्यात भरले आणि तोमिएकडे घेऊन गेल्या. मी त्याच वेळी वस्तीची सूचनेची पाटी पोचवायला तिथे गेलो होतो. आमच्याकडे ही पाटी घरोघर फिरते, वाचून खाली सही करायची आणि पुढच्या घरी द्यायची. त्या वर्षी वस्तीप्रमुखपण माझ्याकडे होतं.

"तुझी लेकरं माझ्या घरी आली होती," नात्सुए-सान म्हणाल्या. "खाऊपिऊ घालून परत आणलीत."

तोमिए लाजेने इतकी वाकली की तिचं कपाळ जमिनीला टेकलं. माफ करा, माफ करा, एवढंच म्हणत राहिली. नात्सुए-सान हसल्या. म्हणाल्या, "अगं, पायाने टोलवलं की मोडतात ते. मला म्हातारीला तेवढाच व्यायाम. तू नवऱ्याकडे बघ."

वाडगा सांडेल म्हणून मी तो हातात धरून उभा होतो. तेव्हाही बोलता आलं असतं. वस्तीतल्या चार माणसांना बोलावून एका रविवारी चर उपसून द्यायला प्रमुखाला कोणाची परवानगी लागत नाही. पण मला वाटलं, दोन बायकांनी गोड बोलून मिटवलेली गोष्ट आपण कशाला उकरायची? तोमिएला वाटेल, सगळ्या वस्तीत आपली चर्चा झाली.

तिसऱ्या जूनमध्ये कोंब नात्सुए-सानच्या घराच्या वाटेवर आले. दिंडी दरवाजापासून ओसरीपर्यंतची मातीची वाट, त्यात जागोजाग. त्या खुरप्याने ते छाटायच्या. पण वाकलेल्या माणसाला मुळापासून छाटता येत नाही. बोटभर उंचीचे तिरके खुंट राहायचे, आणि पाऊस पडला की ते चिखलात दिसायचे नाहीत.

त्या दिवशी सकाळी ऊन होतं. दहाच्या सुमाराला आभाळ भरून आलं आणि सर आली. नात्सुए-सान वाळत घातलेले कपडे काढायला धावल्या. धावल्या म्हणजे काय, त्यांना जमेल तशा. पायाखाली खुंट आला आणि त्या कुशीवर पडल्या. कमरेचं हाड मोडलं. त्यांनी हाका मारल्या असतील. पण त्या दिवसांत ओढा भरून वाहत असतो, त्याच्या आवाजात पाच पावलांवरचंही ऐकू येत नाही.

सूचनेची पाटी मी सकाळीच कुरोगींकडे दिली होती. त्यांच्यानंतर इताईंचं घर. एरवी तोमिए तासाभरात ती पुढे न्यायची. त्या दिवशी मासुझोने दोनदा कपडे खराब केले आणि पाटी दारातच राहिली. पाचच्या सुमाराला ती घेऊन तोमिए गेली तेव्हा नात्सुए-सान वाटेवर पडलेल्या होत्या, सात तास, एका हातात उशीचा अभ्रा घट्ट धरून. शुद्धीवर होत्या. त्यांनी तोमिएला पाहिलं आणि म्हणाल्या, "कपडे आत घे गं आधी."

खाली शहरातल्या रुग्णालयात हाडाचं सगळं नीट झालं म्हणे. फुप्फुसांत मात्र पाणी झालं. चोविसाव्या दिवशी त्या गेल्या.

अंत्यविधीला मासुझोला घरी एकटं ठेवता येईना म्हणून तोमिए त्याला घेऊन आली. काळे कपडे घालून तो शहाण्यासारखा बसला होता. उदबत्ती लावायची त्याची पाळी आली तेव्हा फोटोसमोर गेला आणि वळून तोमिएला म्हणाला, "मी तुला सांगितलं होतं. पाऊस पडतोय, बाई बाहेर झोपल्यात."

सगळ्यांना वाटलं, काहीतरी बरळतोय. तोमिएचा चेहरा मी पाहिला.

सुतक संपल्यावर ती माझ्याकडे आली. ओसरीच्या कडेला बसली, चहाला हात लावला नाही. म्हणाली, त्या दिवशी सर आल्यावर तो पाचदहा मिनिटं बाहेर गेला होता. जेवताना म्हणाला, शेजारच्या बाई अंगणात झोपल्यात. तिने त्याच्या वाडग्यात सूप ओतलं. तो पुन्हा म्हणाला, भिजतायत त्या. त्याच आठवड्यात तो म्हणाला होता की गाय व्याली आहे, आणि गाय विकून पस्तीस वर्षं झाली. म्हणून ती म्हणाली होती, हो का, जेवा आधी.

"दोनदा सांगितलं हो त्यांनी," ती म्हणाली. "सगळ्या वर्षात एकच खरी गोष्ट सांगितली, आणि ती मला दोनदा सांगितली."

नात्सुए-सानच्या मुलीकडेही ती गेली होती. मुलीचं नाव मियोको, चाळीस वर्षं शहरात राहून बोलणं गुळगुळीत झालेलं. तोमिएने चराचं सांगायला सुरुवात केली तेव्हा तिने खाली वाकून नमस्कार केला, आईचं वयच झालं होतं म्हणाली, इतकी वर्षं तुम्ही तिला सांभाळलंत म्हणून आभार मानले आणि एक नारिंगी पुडक्यातली मिठाई दिली. तोमिए ती मिठाई माझ्याकडे घेऊन आली होती. तिला ती घरात ठेववत नव्हती. मलाही नको होती. शेवटी ती ओसरीवरच राहिली आणि मुंग्या लागल्यावर मी ती ओढ्यात टाकली.

डिसेंबरात तोमिए पुन्हा आली. यावेळी उभ्याउभ्याच म्हणाली की बन तोडायचं आहे, सगळं. कसं तोडलं म्हणजे पुन्हा येणार नाही, ते सांगा.

मी सांगितलं. जमिनीलगत तोडलं तर वसंतात दुप्पट येतं. हिवाळ्यात कमरेएवढे खुंट ठेवून तोडायचं. वर पानं नसली तरी मुळ्या पाणी ओढत राहतात, खुंट आतून कुजतो आणि मुळीही कुजते. दोन-तीन वर्षं जातात. पण मासुझोचं काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, त्यांना आता कळत नाही.

मी आणि खालच्या घरांतले दोघे असे आम्ही तिघांनी नऊ दिवस तोड केली. पहिल्या दिवशी यंत्रकरवतीच्या आवाजाने मासुझो बाहेर आला. आम्ही थांबलो. त्याने पडलेल्या वेळूंकडे पाहिलं, एकावर हात फिरवला, बोटाने पेरावर टिचकी मारली. मग ते वेगळे करायला लागला. हे इकडे, ते तिकडे. दुपारी मी खुणा तपासल्या. चार वर्षांचे एका ढिगात, तीनचे दुसऱ्यात, कोवळे तिसऱ्यात. एकही चूक नव्हती. आम्ही ते सगळं जाळणार होतो.

पाचव्या दिवशी तो माझ्याजवळ आला. अदबीने, परक्याशी बोलावं तसा बोलला.

"हे बन कोणाचं? राखलंय छान."

मी करवत बंद केली.

"मालकाला विचारलंत ना?" तो म्हणाला. "न विचारता तोडू नये. जन्म जातो हो असं राखायला."

तोमिए मागेच उभी होती. ती म्हणाली, "विचारलंय. हो म्हणालेत ते."

"मग ठीक आहे," मासुझो म्हणाला, आणि ढिगाकडे परत गेला.

नवव्या दिवशी घरामागे नुसते खुंट उरले आणि पलीकडची टेकडी पहिल्यांदा उघडी दिसायला लागली. आत उजेड आला. तोमिएने तो उजेड पाहिला आणि शोजीची कागदी दारं ओढून घेतली. त्या संध्याकाळी मासुझो ओट्यावर बसला आणि घरी जायचं म्हणू लागला. हे तुमचंच घर, असं तिने सांगितलं. तो म्हणाला, नाही, आमच्या घरामागे वेळू आहे. दुसऱ्या दिवशी तो घर शोधायला निघाला आणि ओढ्याच्या पुलापाशी सापडला. चौथ्या दिवशी त्याहून पुढे, मोठ्या रस्त्यावर, पायात काही नाही. इतकी वर्षं तो हिंडायचा पण वेळूची सळसळ ऐकून परत फिरायचा, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. फेब्रुवारीत त्याला खालच्या शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तिथे तो चांगला राहतो, त्रास देत नाही, असं तिथल्या बाई सांगायच्या. तो बोलेनासा झाला होता, त्याला त्या चांगलं म्हणत होत्या. वर्षभरात तो गेला.

आणि वेळू? बनातला वेळू मेला. मी सांगितलं तसाच, खुंटांत पाणी साचून काळा पडून मेला. पण पायवाटेपलीकडे गेलेल्या मुळ्यांना बनाची गरज उरली नव्हती. तोडीनंतरच्या पहिल्याच मे महिन्याच्या अखेरीस नात्सुए-सानच्या अंगणात माझ्या मनगटाएवढे कोंब आले. घर बंद होतं. मियोकोला मी पत्र लिहिलं, तिने सुबक अक्षरात उत्तर लिहिलं की सध्या त्या घराकडे बघायची मनःस्थिती नाही, कृपया आहे तसं राहू द्यावं.

तोमिएने राहू दिलं नाही. रोज सकाळी ती दुसऱ्याच्या आवारात चोरासारखी शिरायची आणि कुदळीने खणायची. एकोणऐंशी वर्षांची बाई. दिवसाला हातभर मुळी निघायची; ती ओढून काढायला मी जायचो. एकदा असंच खणताना मी तिला सांगून टाकलं. म्हटलं, मासुझो चर बुजवत होता तेव्हा मी पाहिलं होतं. मला कळलं होतं. मी बोललो नाही.

ती खणायची थांबली नाही.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "त्या तीन आठवड्यांत तुम्ही आमच्या घराकडे न बघता जायचात."

मी म्हटलं, मी बोललो असतो तर. ती म्हणाली, "तर मी तुमचा राग केला असता, आणि नात्सुए-सान आज कपडे वाळत घालत असत्या." पुढे त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. मला वाटलं होतं, सांगितल्यावर काहीतरी हलकं होईल. तसं काही झालं नाही. मुळी निघाली तेवढीच.

दोन वर्षं तिने ते काम केलं. आम्ही दोघं मिळूनही वेळू आमच्यापेक्षा रोज पुढे होता. दुसऱ्या जूनमध्ये ओसरीची फळी वर उचलली गेली, मग आतल्या खोलीत चटयांमधून एक कोंब आला, फिकट, उजेड न मिळालेला, छतापर्यंत जाऊन वाकलेला. तोमिएने तो दाराच्या फटीतून पाहिला. त्या दिवशी ती माझ्याकडे कुदळ ठेवून गेली. हिवाळ्यात तिला चालवेना. तिचा भाचा येऊन तिला ओइता शहरात घेऊन गेला, सहाव्या मजल्यावर.

तिथून ती जूनमध्ये दर रविवारी फोन करते. प्रकृतीचं विचारते, अळंबीचं विचारते, मग विचारते, "यंदा किती आले?"

मी म्हणतो, सात. कधी म्हणतो, पाच. गेल्या रविवारी म्हणालो, तीनच दिसले, आता कमी होतायत.

"तीन," ती म्हणाली. मग म्हणाली, "हिदाका-सान, खोटं सांगताना तुम्ही आकडा फार लवकर सांगता."

मोजायला मी जात नाही. आता खाली जायचं तर मी ओढ्याकडच्या रस्त्याने जातो, तो लांब पडतो. फोन ठेवताना ती म्हणाली, पुढच्या रविवारी करते.

मी म्हटलं, करा.